काळ्या मारबतीमागची बाकाबाई

पोळा झाला, बैलांची पूजा झाली, झडत्या म्हणून झाल्या, की दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्याकडे गावोगाव मारबत निघते. दारापुढे लावलेल्या पळसाच्या फांद्या उपटायच्या, घरातली ईडापिडा, रोगराई, माशा-मच्छर सगळे त्यांच्यासोबत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायचे, हे तुम्ही लहानपणापासून करत आला आहात. नागपुरात त्याच पाडव्याला मोठी मिरवणूक असते. एक काळी मारबत, एक पिवळी मारबत. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे असतात. महागाईचा बडगा, हुंड्याचा बडगा, दारूचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा; ज्या वर्षी लोकांच्या डोक्यात जे सलते, त्याचा त्या वर्षी बडगा होतो. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी समोरासमोर येतात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. खेड्यातले कितीतरी कास्तकार खास त्यासाठी सकाळची गाडी धरून येतात.

काळी मारबत म्हणजे कोण, असे गर्दीत कोणालाही विचारा. दहातले सात-आठ जण सांगतील, बाकाबाई. भोसल्यांची राणी. इंग्रजांना मिळाली, राज्य बुडवले, म्हणून लोक दरवर्षी तिला शहराबाहेर नेऊन जाळतात.

गोष्ट एवढ्यावर संपते. बाई दोषी, प्रकरण निकाली. पण वाचकहो, तुम्ही गावात राहणारी माणसे. पुरुष गेल्यावर घरात काय होते, हे तुम्हाला शहरातल्या माणसापेक्षा जास्त ठाऊक आहे. वारस नाही म्हणून चुलत्यांचे डोळे कसे फिरतात, विधवेला सही करायला कोण कसे लावतो आणि शेवटी वावर गेले की खापर कोणावर फुटते, हे तुमच्या डोळ्यांपुढे घडत असते. बाकाबाईचे आयुष्य म्हणजे तेच प्रकरण. फक्त वावराच्या जागी चाळीस लाखांवर रयतेचे राज्य होते. म्हणून इतिहासाच्या मास्तराच्या नजरेने नाही, तर गावच्या पंचाच्या नजरेने हे प्रकरण एकदा पाहू.

आज तुम्ही महालात गेलात तर बाजार, शाळा, कोतवाली, कापडाची दुकाने, गल्लीबोळ असे सगळे दिसेल. हा भाग भोसल्यांच्या वाड्यांमुळे महाल झाला. गांधी दरवाजा अजून उभा आहे, जुन्या माणसांच्या तोंडी तो जुम्मा दरवाजाच. जुना मोठा राजवाडा काळ्या दगडाचा होता, आत लाकडावर कोरीव काम. तो १८६४ साली आगीत जळाला आणि वाजंत्री वाजायची तो नगारखाना तेवढा राहिला. त्या जळालेल्या वाड्यात बाकाबाईचे बहुतेक आयुष्य गेले.

ती दुसऱ्या रघुजी राजाची राणी. राजाच्या अनेक राण्यांपैकी, पण ज्या राणीचे म्हणणे दरबारात ऐकले जायचे अशी. राजाच्या हयातीतच वऱ्हाड आणि कटक इंग्रजांशी झालेल्या १८०३ च्या लढाईत गेले होते. तिजोरी आटली, पेंढारी गावे लुटत होते आणि राजा पैशासाठी रयतेला पिळत होता. २२ मार्च १८१६ ला राजा वारला. मागे मुलगा एकच, परसोजी. वय चाळिशीच्या जवळ, पण डोळ्यांनी अधू, अंगाने पांगळा आणि बुद्धीनेही कमी. आजच्या भाषेत सांगायचे तर बहुविकलांग.

अशा मुलाच्या नावावर घर कसे चालवायचे? प्रश्न जुना आहे आणि अजून सुटलेला नाही. तुमच्या गावातही असे एखादे घर असेल. मुलगा सज्ञान आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, पण त्याला कळत काही नाही. बाप असेपर्यंत निभते, बाप गेला की नातेवाइकांना मुलाची कणव येते ती नेमकी वावराच्या बाजूने येते. परसोजीचे तसेच झाले. गादीवर तो बसला आणि त्याच्या वतीने कारभार बाकाबाई आणि धर्माजी भोसले यांनी हातात घेतला. दुसऱ्या बाजूला परसोजीचा चुलतभाऊ मुधोजी, ज्याला सगळे आप्पासाहेब म्हणत. तरणाबांड, हुशार, आणि राज्य आपलेच असे मानणारा.

पुढचे तीन महिने नीट लक्षात ठेवा, कारण मारबतीच्या गोष्टीत ते वगळले जातात. आप्पासाहेबाने एप्रिल १८१६ मध्ये धर्माजीला पकडले, बाकाबाईचा पक्ष मोडला आणि कारभार आपल्याकडे घेतला. धर्माजीचा पुढे खून झाला. आपली बाजू पक्की करायला आप्पासाहेबाने इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सशी बोलणी केली आणि मे १८१६ च्या अखेरीस तैनाती फौजेचा तह केला. इंग्रजांची पलटण नागपुरात ठेवायची आणि तिचा खर्च राज्याने द्यायचा. दुसऱ्या रघुजीने मरेपर्यंत जो तह टाळला, तो झाला तो या तहाने. म्हणजे इंग्रजांना घरात घेतले ते आप्पासाहेबाने. बाकाबाई त्या वेळी हरलेल्या बाजूला, वाड्याच्या आत बसली होती.

१ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी वाड्यातच मेला. गळा दाबून मारला, असे पुढे उघड झाले आणि बोट आप्पासाहेबाकडे गेले. आप्पासाहेब त्या दिवशी नागपुरात नव्हता, चांद्याकडे होता. गादी मात्र त्याला मिळाली.

त्यानंतर आप्पासाहेबाचे इंग्रजांशी फाटले. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. भोसल्यांची फौज कितीतरी जास्त, तरी हार झाली. आप्पासाहेब शरण आला, पुढच्या वर्षी पकडला गेला, कैदेत नेताना मे १८१८ मध्ये पहारेकऱ्यांना फोडून निसटला, महादेवाच्या डोंगरात गोंड राजांच्या आसऱ्याने काही दिवस लढला आणि शेवटी परमुलखात जोधपूरला १८४० साली वारला. माणूस शूर होता यात शंका नाही, आणि लोकांनी त्याला मनात जागा दिली तेही बरोबर. पण एकाच माणसाने तह केला, त्यानेच मोडला, आणि राग मात्र घरातल्या बाईवर निघाला, हे जरा विचित्र वाटत नाही काय?

आता वाड्यात पुरुष उरला नव्हता. जून १८१८ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या रघुजीच्या मुलीचा मुलगा, गुजर घराण्यातला बाजीबा, याला दत्तकविधान करून गादीवर बसवले. नाव ठेवले तिसरा रघुजी. अजून मिसरूड न फुटलेले पोर. त्याला वाढवायचे काम बाकाबाईकडे आले आणि तिला राजाची पालक म्हटले गेले. पण गावातले सगळे कागद जेंकिन्सच्या हातात. परगण्यांवर इंग्रज अधिकारी, महसूल त्यांच्या हिशोबाने, शिक्का राजाच्या नावाचा. १८३० च्या सुमारास सगळा मुलूख राजाच्या हाती परत आला तोवर बारा वर्षे अशीच गेली.

जेंकिन्सच्या कारभारात गावांना थोडा श्वास मिळाला, पेंढाऱ्यांची लूट थांबली, ओसाड गावे पुन्हा वसू लागली, हे मान्य करायला हरकत नाही. पण घरात काय चालले होते ते पाहा. एक म्हातारपणाकडे झुकलेली बाई, एक पोर, आणि दारात पलटण. बाईच्या हाती पोर सांभाळायचे काम, पण पोराला राजा कसे व्हायचे ते शिकवायचा अधिकार दुसऱ्याकडे. सून येते, नातू होतो, सासूबाईला मान मिळतो, किल्ल्या मात्र मिळत नाहीत, असे घर तुम्ही पाहिले असेल.

तिसरा रघुजी मोठा झाला तो असाच. सुरुवातीची काही वर्षे त्याने कारभारात लक्ष घातले. पुढे पुढे मात्र तो उदास झाला, कामाचा कंटाळा करू लागला, पहिलवान, तमाशे, नाचगाणी यांत रमला आणि शेवटच्या वर्षांत ब्रँडीच्या आहारी गेला, असे रेसिडेंटच्या कागदांतच लिहिले आहे. ते कागद लिहिणाऱ्यांना राजा वाईट दाखवायचा होता, हे धरूनही त्यात खरेपणा असावा. ज्या तरुणाच्या नावावर सगळे आहे पण ज्याच्या हाती काही नाही, त्याचे असे होते. आज पानठेल्यावर दिवस काढणारे पदवीधर पोट्टे पाहिले की मला हा राजा आठवतो. त्याच्या आळसाचे समर्थन मी करत नाही. पण निर्णय कोणीतरी दुसरा घेतो आणि आपण फक्त सही करतो, हे कळल्यावर सकाळी लवकर उठायचे कशासाठी, हा प्रश्न त्यालाही पडला असेल.

आता प्रकरणाचा गाभा येतो. राजाला मुलगा नव्हता. दत्तक घ्यावा, असे आजूबाजूचे लोक सुचवत होते. रेसिडेंट मॅन्सेलशीही त्याचे बोलणे झाले होते. पण राजा टाळत राहिला. आपल्याला मुलगा होईल ही आशा, आणि दत्तक घेतला म्हणजे आता होणार नाही असे आपणच कबूल केल्यासारखे, हा संकोच. पाहू, करू, पुढच्या वर्षी. असे करता करता ११ डिसेंबर १८५३ उजाडला आणि तिसरा रघुजी वारला. दत्तक नाही, लेखी काही नाही.

कास्तकार बंधूंनो, किती घरांत हेच चालते? वडिलांच्या नावावर सातबारा, वडील जाऊन पंधरा वर्षे झाली, वारस नोंद नाही. मृत्यूपत्र करा म्हटले तर म्हातारा म्हणतो, मला मारायला निघालात काय. भावाभावांत वाटणी तोंडी झाली, धुरा घातला, पण फेरफार नाही. मग एक जण अचानक जातो, फवारणीत, अपघातात किंवा कर्जापायी, आणि त्याची बायको तलाठ्याच्या दारात उभी राहते तेव्हा कळते की कागदावर ती कोणीच नाही. नुकसानभरपाई येते, पीककर्ज मिळते, विम्याचे पैसे जमा होतात ते सगळे सातबाऱ्यावरच्या नावाला.

भोसल्यांच्या वाड्यात राजाचे शव असतानाच हा प्रश्न उभा राहिला. अग्नी कोण देणार? अहिरराव घराण्यातला, नात्यातला तरुण यशवंतराव याने क्रियाकर्म केले. पुढे राणीने त्याला दत्तक घेतले आणि त्याचे नाव जानोजी ठेवले. बाकाबाई तेव्हा सत्तरी उलटलेली, घरातली सगळ्यात थोरली. राजाच्या राण्या अन्नपूर्णाबाई, दर्याबाई वगैरे तिच्या पाठीशी. मराठी मुलखातला रिवाज असा की नवऱ्याने स्वतः दत्तक घेतला नसला तरी विधवेला घेता येतो. मॅन्सेल इंग्रजच, पण त्याने हा रिवाज वर कळवला आणि राज्य खालसा करू नये असे मत दिले. सरकारी माणसाने वरच्या मर्जीविरुद्ध खरा अहवाल पाठवला, ही गोष्ट आजच्या तलाठी-ग्रामसेवक मंडळींनी ऐकून ठेवण्यासारखी. उपयोग मात्र झाला नाही.

गव्हर्नर जनरल डलहौसीने जानेवारी १८५४ मध्ये निर्णय लिहिला आणि मार्चमध्ये राज्य खालसा झाले. त्याचे म्हणणे असे की १८१८ साली राज्य आम्ही जिंकले होते, मग आम्हीच ते तिसऱ्या रघुजीला दिले, तो निपुत्रिक मेला, तेव्हा दिलेली वस्तू देणाऱ्याकडे परत. विधवेचा दत्तक आम्हाला लागू नाही. त्याच टिपणात त्याने आणखी एक कारण मोकळेपणी लिहिले, आणि ते तुमच्या कामाचे आहे. विलायतेच्या गिरण्यांना कापूस कमी पडत होता आणि नागपूर-वऱ्हाडकडची काळी जमीन कापसाची. ती थेट ताब्यात आली की गिरण्यांची सोय होते. तेरा वर्षांनी, १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली ती याच हिशोबाने. घरात वारस नव्हता हे खरे, पण वारस असता तरी कापसावर डोळा ठेवणाऱ्याने दुसरी सबब शोधली नसती असे मला वाटत नाही.

कायद्याची गाडी फार हळू चालली. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हक्क दिला तो हयातीपुरता. १९५६ च्या वारसा कायद्याने ती पूर्ण मालक झाली. त्याच वर्षीच्या दत्तक कायद्याने विधवेला स्वतःच्या अधिकारात मूल दत्तक घेता येऊ लागले, आणि दत्तकपत्र नोंदवलेले असेल तर न्यायालय ते खरे धरून चालते. मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलासारखा वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. म्हणजे बाकाबाई आणि अन्नपूर्णाबाई जे मागत होत्या ते कायद्याच्या पुस्तकात नीट यायला शंभर वर्षे लागली. आणि पुस्तकातून गावच्या दप्तरात यायला अजून वेळ लागतो आहे. माणूस गेला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे, गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते, मग फेरफार. त्या यादीत बायको आणि मुली यांची नावे घातलीच पाहिजेत. पण अजूनही गावात बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतल्यावरच भाऊ त्यांना माहेरी बोलावतात, आणि विधवेला सांगतात, तुला काय कमी आहे, आम्ही आहोत ना.

वाड्यातही आम्ही आहोत ना असे सांगणारे आले. खालसा झाल्यावर इंग्रजांनी राज्य तर घेतलेच, पण घराची खासगी दौलतही मोजायला घेतली. पिढ्यान्‌पिढ्या साठलेले दागिने, जवाहीर, भांडी, शालू. राण्यांनी विरोध केला. खासगी मिळकत आणि राज्याची मिळकत वेगळी असते, आमचे स्त्रीधन तुमचे नाही, असे त्यांचे म्हणणे. सामान बाहेर काढू लागले तेव्हा वाड्याला आग लावू, अशी धमकी आतून आली होती. बाकाबाईने अर्ज केले, कलकत्त्याला कळवले, वकील थेट विलायतेला पाठवले. कशाचाच उपयोग झाला नाही. १८५४ साली सीताबर्डीवर राजाचे हत्ती, घोडे, उंट, बैल यांचा लिलाव झाला. चांगल्या चांगल्या जोड्या कवडीमोलाने गेल्या. ज्याने कर्जापायी स्वतःच्या गोठ्यातली जोडी बाजारात सोडली आहे, त्याला मी आणखी काही सांगायची गरज नाही. जवाहीर कलकत्त्याला नेऊन विकले गेले. विक्रीच्या पैशांचा भोसला फंड केला आणि त्यातून राण्यांची पेन्शन वगैरे भागवायचे ठरले. म्हणजे त्यांचाच पैसा त्यांनाच महिन्याच्या हिशोबाने, आणि उपकार सरकारचे.

अन्नपूर्णाबाई १८५५ मध्ये वारल्या. मग मागे राहिली म्हातारी, तरुण जानोजी आणि पेन्शनीवरचा मोठा गोतावळा. नोकर, आश्रित, जुने सरदार, त्यांच्या बायका-पोरी. राज्य गेले की फक्त राजा रिकामा होत नाही. शिपाई, हत्तीचे माहूत, किनखाप विणणारे कोष्टी, दरबारात दिवे लावणारे तेली, वाजंत्री, सगळे एका झटक्यात बेकार होतात. महालाच्या आजूबाजूच्या वस्त्यांतून त्या वर्षांत किती चुली बंद पडल्या असतील, याचा हिशोब कोणी ठेवला नाही. लोकांचा राग होता तो याच चुलींचा.

१८५७ च्या उन्हाळ्यात उत्तरेत उठाव पेटला. नागपुरातही तयारी झाली. टाकळीच्या घोडदळाने १३ जूनच्या रात्री उठायचे ठरवले, शहरातले लोकही त्यात होते. बेत फुटला, पलटणीतले बाकीचे सामील झाले नाहीत आणि कट करणाऱ्यांना फाशी झाली. या दिवसांत बाकाबाईने काय केले? तिने आपल्या नातेवाइकांना, आश्रितांना ताकीद दिली की उठावात पडायचे नाही. भोसल्यांच्या नावाने लोक उठले असते, ते उठले नाहीत. इंग्रजांनी ते लक्षात ठेवले आणि लोकांनीही.

इथे मी तिची वकिली करणार नाही. ज्यांनी फास गळ्यात घालून घेतला त्यांच्या घरच्यांना तिचे वागणे कसे वाटले असेल, हे समजण्यासारखे आहे. गाव पेटून उठते आणि वाड्याचे दार बंद राहते, तेव्हा लोक ते विसरत नाहीत, आणि विसरूही नये. पण तिच्या जागी उभे राहून पाहिले तर दिसते ते असे. तिने १८१७ ची सीताबर्डी पाहिली होती. भरलेले राज्य, हजारोंची फौज असतानाही हार झालेली. आता तर हातात काहीच नव्हते. एक तरुण होता, ज्याला सरकार वारस मानत नव्हते. तो उठावात सापडला असता तर घर मुळासकट गेले असते. तिने राज्याचा विचार सोडून पोराचा केला. सत्तरी ओलांडलेल्या, घरातली चार पिढ्यांची मरणे पाहिलेल्या बाईने असे केले, यात फितुरी किती आणि भीती किती, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही ठरवा. फक्त ठरवताना एवढे पाहा की त्याच वेळी उठावापासून अंग काढून घेणारे कितीतरी मोठे संस्थानिक पुरुष होते, आणि त्यांच्यापैकी कोणाची मारबत निघत नाही.

१८५८ च्या सप्टेंबरात बाकाबाई वारली. तिच्या मृत्यूनंतर सरकारने जानोजीला वारस मानले आणि राजेबहादूर हा किताब दिला, पण नागपूरचा नाही. साताऱ्याकडच्या देऊर गावचा, जिथून भोसल्यांचे मूळ होते. ज्या दत्तकासाठी तिने चार-पाच वर्षे अर्ज केले तो मान्य झाला, राज्य मात्र परत आले नाही, जवाहीरही नाही. सहा वर्षांनी तो जुना वाडा जळाला. तेवीस वर्षांनी काळी मारबत निघाली.

अजून एक बाब. मारबत आपल्याकडे शिवेबाहेर टाकायची ती रोगराईची, ईडापिडेची. तिला बाईचे रूप का, याचे उत्तर जुनी माणसे पुतना मावशीची गोष्ट सांगून देतात. पण गावात आजही पीक बुडाले, पोर दगावले, नवरा गेला की आधी बोट बाईकडे जाते. पांढऱ्या पायाची, अवदसा, घर खाल्ले हे शब्द मारबतीच्या दिवसापुरते नसतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. राज्य सरकारने त्याच महिन्यात बाकीच्या गावांना तसे करायला सांगणारे परिपत्रक काढले. तुमच्या ग्रामपंचायतीत ते वाचून दाखवले होते काय? सरपंच आणि ग्रामसेवकांनी जुनी फाईल काढून पाहावी.

यंदा पाडव्याला नागपूरला जाल तर जरूर जा. मारबत पाहा, बडग्यांवर हसा, पोरांना खांद्यावर घ्या. परतताना वेळ असेल तर इतवारीतून महालाकडे पायी या. फार लांब नाही. नगारखाना बाजाराच्या गर्दीत पटकन दिसत नाही. कोणा म्हाताऱ्याला विचारले तर तो बोटाने दाखवेल.